मुरमे सगळी सारखी नसतात!

वयात येणाऱ्या मुलामुलींच्या चेहऱ्यावर मुरमे येणे ही अगदी सर्वसाधारण गोष्ट आहे. पण आपल्या घरांत याबाबत दोन टोके दिसतात. "वयाचं आहे, जाईल आपोआप," म्हणून सोडून द्यायचे. नाहीतर मुलीला पाहुणे बघायला येणार म्हटले की हाताला लागेल ते मलम चोपडायचे. दोन्हींत नुकसान होते ते त्या पोराचे. मुरमांचे प्रकार असतात आणि प्रत्येकाचा उपाय निराळा असतो, एवढे पालकांनी समजून घेतले पाहिजे.

मुळात मुरमे का येतात? कातडीत केसांच्या मुळाशी तेलकट स्राव सोडणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. वयात येताना संप्रेरकांमुळे हा स्राव वाढतो. तेल आणि मृत पेशी मिळून छिद्र बुजते, आत जंतू वाढतात आणि सूज येते. म्हणजेच मुरमे हा अस्वच्छतेचा पुरावा नव्हे.

पहिला प्रकार काळ्या आणि पांढऱ्या ठिपक्यांचा. छिद्राचे तोंड उघडे राहिले तर ठिपका काळा दिसतो. तो काळेपणा मळाचा नसतो, त्यामुळे कितीही घासले तरी जात नाही. तोंड बंद असेल तर पांढरट दाणा दिसतो.

दुसरा प्रकार लाल पुळ्यांचा. काहींत पू धरतो. त्या नखाने फोडल्या की डाग आणि खड्डे मागे राहतात.

तिसरा प्रकार खोल, दुखऱ्या गाठींचा. यात कायमचे व्रण पडण्याचा धोका मोठा, म्हणून घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत. थेट त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

याशिवाय काही प्रकार कामधंद्यातून आणि हवेतून येतात. केसांना चोपून लावलेले तेल कपाळावर ओघळते आणि तिथे बारीक दाणे उठतात. गॅरेजमध्ये किंवा मिरकरवाडा बंदरात बोटीच्या इंजिनावर काम करणाऱ्यांच्या हातांवर, मांड्यांवर येणाऱ्या पुळ्या यंत्राच्या तेलाने भिजलेल्या कपड्यांमुळेही असू शकतात. अशांनी कपडे रोज बदलावेत आणि काम संपताच अंग साबणाने धुवावे.

आपल्या कोकणच्या दमट हवेत घामामुळे छाती, पाठ आणि कपाळावर एकसारखे, खाजणारे दाणे येतात. ते पुष्कळदा बुरशीचे असतात. त्यांवर मुरमांच्या प्रतिजैविक गोळ्या घेतल्या तर ते उलट वाढू शकतात.

मुलीची पाळी अनियमित असेल, हनुवटीवर व जबड्यावर मुरमे असतील आणि चेहऱ्यावर राठ केसही येत असतील, तर संप्रेरकांच्या बिघाडाची तपासणी करून घ्यावी. यात लाजण्यासारखे काहीच नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. पावसाळ्यात नायटा झाला म्हणून आणलेली मलमाची ट्यूब घरात उरलेली असते. तीच मुलीच्या तोंडाला लावली जाते. चार दिवसांत चेहरा उजळ आणि साफ दिसतो, सारे खूश होतात. पण अशा अनेक मलमांत स्टिरॉइड असते. काही आठवडे-महिने लावत राहिले की कातडी पातळ होते, उन्हात आग होते, चेहऱ्यावर लव वाढते आणि मुरमांचा नवाच प्रकार उठतो. मलम थांबवले की त्रास उफाळतो, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन अशी नावे दिसली तर ती चेहऱ्याला लावू नका. आधीच लावत असाल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने सोडवा. केंद्र सरकारने 2018 साली अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली आहे. शेजारणीने सांगितले, दुकानदाराने दिले, एवढ्यावर विसंबू नये. सावळा रंग हा आजार नव्हे. त्याच्यासाठी तर कोणतेच मलम नको.

मग करावे काय? दिवसातून दोनदा सौम्य साबणाने तोंड धुवावे. लिंबू, सोडा, टूथपेस्ट लावू नये. साखर, मैदा आणि शीतपेये यांनी काहींची मुरमे वाढतात, ती कमी करून पाहावीत. डॉक्टर साध्या मुरमांसाठी बेन्झॉइल पेरॉक्साइड किंवा अडापलीन देतात. त्यांचा गुण दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. आठ दिवसांत कंटाळून सोडू नये. गाठींसाठीच्या आयसोट्रेटिनॉइन गोळ्यांमुळे गर्भातील बाळाला गंभीर व्यंग येऊ शकते, म्हणून त्या डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय कदापि घेऊ नयेत.

खाजगी डॉक्टरांची फी परवडत नसेल तर सरकारी रुग्णालयात केसपेपर काढून त्वचारोगतज्ज्ञांची चौकशी करावी. जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब सोबत न्याव्यात.

आणि एक विनंती. घरी आलेल्या पाहुण्यांसमोर मुलामुलींच्या चेहऱ्याची चर्चा करू नका. त्या बोलण्यामुळे एखादे पोर कॉलेजात मान खाली घालून बसते. मुरमांवर औषध आहे. आपल्या माणसांनी केलेल्या टोमण्यांवर ते नाही.