नकारानंतरची कमला सोहोनी

जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींची गोष्ट बहुधा सी. व्ही. रामन यांच्या दारातच संपवली जाते. १९३३ साली रसायन-भौतिक घेऊन मुंबई विद्यापीठात पहिली आलेली कमला भागवत बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये (आजची भारतीय विज्ञान संस्था) प्रवेश मागायला गेली. वडील नारायणराव आणि काका माधवराव याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. थोरली बहीण लेखिका दुर्गा भागवत. तरी संचालक रामन यांनी मुलगी म्हणून नकार दिला. ती हटली नाही, तेव्हा अटी आल्या: पहिलं वर्ष प्रायोगिक तत्त्वावर, मार्गदर्शक सांगतील तर रात्रीही काम, आणि तिच्यामुळे प्रयोगशाळेचं वातावरण बिघडता कामा नये. ही शेवटची अट मला आजही वाचवत नाही. तिची चूक होण्याआधीच तिच्यावर ठेवलेला तो आरोप होता. कमलाबाईंनी उतारवयातही तो अपमान जाहीरपणे बोलून दाखवला.

मार्गदर्शक श्रीनिवासय्या कडक होते, पण त्यांनी शिकवताना हात आखडला नाही. दूध आणि डाळींतल्या प्रथिनांवर काम करून १९३६ साली तिने एम.एस्सी. मिळवली. पुढे केंब्रिजला बटाट्यावर काम करताना सायटोक्रोम सी हे श्वसनाशी निगडित द्रव्य वनस्पतींतही असतं, हे तिने दाखवलं. अवघ्या चाळीसेक पानांच्या प्रबंधावर १९३९ साली पीएच.डी. झाली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी ती एक.

दिल्लीच्या लेडी हार्डिंग कॉलेजनंतर त्या कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत गेल्या. १९४७ साली मा. वि. सोहोनींशी लग्न झालं, त्या मुंबईला आल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायन शिकवू लागल्या. माझ्या मते त्यांचं सर्वांत मोलाचं काम इथलं. कच्च्या कडधान्यांत प्रथिनं पचू न देणारी द्रव्यं असतात. शिजवल्यावर त्यांचा जोर ओसरतो. गरिबाच्या ताटातलं प्रथिन अंगी लागतं की नाही, हा प्रश्न त्यांनी विद्यार्थ्यांसह प्रयोगशाळेत आणला. नीरेचं, म्हणजे ताडाच्या गोड रसाचं, पोषणमूल्यही तपासलं. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी सुचवलेल्या त्या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

आणि याच संस्थेत, संचालकपदाची पात्रता असूनही, त्यांना चार वर्षं ताटकळावं लागलं. रामन यांचा नकार सर्वांना ठाऊक आहे, कारण त्यात एक मोठं नाव आहे. या चार वर्षांना असा ठळक चेहरा नाही, म्हणून ती कुणी सांगत नाही. पण बाईच्या करिअरची अधिक हानी अशा वर्षांतच होते: तेव्हा ती विद्यार्थिनी नसते, स्वतःचं संशोधन उभं करून बसलेली असते आणि निर्णयाचा अधिकार मात्र दुसऱ्याच्या टेबलावर अडकलेला असतो. प्रवेशाचे आकडे सुधारले म्हणून समाधान मानणाऱ्यांनी प्राध्यापक, विभागप्रमुख, संचालक या यादीतली बायकांची नावंही मोजावीत.

अखेर त्या संचालक झाल्या. ग्राहक चळवळीतही उतरल्या, कन्झ्युमर गायडन्स सोसायटीच्या ‘कीमत’ मासिकातून ग्राहकांसाठी लिहीत राहिल्या.