संगणकाची नवी प्रणाली आणि हातांच्या जुन्या सवयी

संगणकावर नित्य काम करणाऱ्याचे अर्धे ज्ञान डोक्यात असते, तर अर्धे बोटांत. पत्र कोठे जतन करावयाचे, जुनी फाईल कोठून उघडावयाची, या गोष्टी तो विचार न करताच करीत असतो. यंत्राची कार्यप्रणाली बदलली की बोटांतील हे ज्ञान एकाएकी निरुपयोगी ठरल्यासारखे वाटते आणि वर्षानुवर्षांचा अनुभवी माणूसही नवशिक्यासारखा चाचपडू लागतो.

हा प्रश्न आज अनेक कार्यालये, शाळा व घरे यांच्यापुढे उभा आहे. ‘विंडोज १०’ ही प्रणाली २०१५ साली आली. तिच्या सर्वसाधारण आवृत्तीला मिळणारे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. त्या दिवशी यंत्रे बंद पडली नाहीत. परंतु नव्याने उघडकीस येणाऱ्या सुरक्षेच्या उणिवा नियमितपणे दुरुस्त होण्याचे थांबले. वाढीव मुदतीची योजना देण्यात आली असली, तरी ती तात्पुरतीच सोय होय. ‘विंडोज ११’साठी ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा-व्यवस्था व तुलनेने नवा प्रोसेसर आवश्यक असल्याने सुस्थितीतील अनेक जुने संगणक त्यासाठी अपात्र ठरतात. अशी यंत्रे मोडीत न काढता त्यांवर लिनक्सवर आधारित विनामूल्य प्रणाली बसविता येते. उबंटू व लिनक्स मिंट ही त्यांतील परिचित नावे होत.

सवय कोठून आली?

पडद्याच्या तळाशी पट्टी, डाव्या कोपऱ्यात ‘स्टार्ट’चे बटण, ही रचना १९९५ साली ‘विंडोज ९५’ने रूढ केली. २०१२ मध्ये ‘विंडोज ८’ने ते बटण काढून टाकले, तेव्हा वापरणाऱ्यांची इतकी नाराजी झाली की पुढच्याच वर्षी ते परत आणावे लागले. सवय ही क्षुल्लक बाब नाही, हे यावरून दिसून येईल. म्हणूनच नवी प्रणाली निवडताना रचनेचा विचार आधी करावा. लिनक्स मिंटच्या ‘सिनॅमन’ या आवृत्तीत तळाची पट्टी व डाव्या कोपऱ्यातील यादी पूर्वीसारखीच आढळते. उबंटूमध्ये मात्र मुख्य पट्टी डाव्या कडेला उभी असते.

काय बदलते?

पहिला फरक फाइलींच्या मांडणीचा. लिनक्समध्ये ‘सी’ आणि ‘डी’ ड्राइव्ह नसतात. सर्व फोल्डर एकाच मुळापासून फुटलेल्या फांद्यांसारखे असतात आणि प्रत्येक वापरकर्त्याचे काम त्याच्या ‘होम’ फोल्डरमध्ये राहते. पेनड्राइव्हही याच वृक्षाची एक फांदी म्हणून जोडला जातो.

दुसरा फरक नावांचा. इंग्रजीत फाईलचे नाव देताना मोठे व लहान अक्षर येथे वेगळे मानले जाते. त्यामुळे एकाच नावाच्या भासणाऱ्या दोन फाइली शेजारी नांदू शकतात. देवनागरीत नाव दिल्यास हा घोटाळा संभवत नाही.

तिसरा फरक नवे प्रोग्रॅम घेण्याचा. संकेतस्थळावरून फाईल उतरवून ती चालविण्याची सवय येथे सोडावी लागते. बहुतेक प्रोग्रॅम प्रणालीच्या स्वतःच्या भांडारातून मिळतात आणि ते बसविताना पासवर्ड विचारला जातो. ही अडवणूक नसून संरक्षण आहे.

काय बदलत नाही?

नक्कल, चिकटविणे, जतन करणे व केलेली कृती मागे घेणे यांच्या कळांच्या जोड्या त्याच आहेत. मराठी टंकलेखनाची स्थितीही आशादायक आहे. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली प्रमाणित केलेला ‘इन्स्क्रिप्ट’ कळफलक दोन्हीकडे उपलब्ध आहे. ज्याने तो एकदा आत्मसात केला, त्याची बोटे कोणत्याही प्रणालीत परकी होत नाहीत.

जुन्या टंकलेखन यंत्राच्या पद्धतीवर हात बसलेल्यांना मात्र थोडा सराव करावा लागतो. त्या पद्धतीत ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी उमटवीत. इन्स्क्रिप्टमध्ये उच्चाराप्रमाणे ‘क’ आधी व वेलांटी नंतर येते. ‘धर्म’ या शब्दातील रफार पूर्वी अखेरीस देत. आता ‘र’, हलन्त व ‘म’ हा क्रम ठेवावा लागतो. म्हणजे दिसते तसे नव्हे, तर बोलतो तसे लिहावयाचे, एवढे सूत्र ध्यानात ठेवले की पुरे.

खरी जोखीम जुन्या मजकुराची

युनिकोडपूर्वीच्या विशिष्ट फॉन्टमध्ये साठविलेला मराठी मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक इंग्रजी अक्षरांसारखा दिसतो. प्रणाली बदलण्यापूर्वी अशा फाइली वेगळ्या काढून युनिकोडमध्ये रूपांतरित कराव्यात आणि रूपांतरित मजकूर मूळ प्रतीशी ताडून पाहावा. विशेषतः जोडाक्षरे व रफार. ही दक्षता न घेतल्यास वर्षांचे दप्तर हाती असूनही वाचता येणार नाही.

क्रमाक्रमाने बदल

प्रथम सर्व कामाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. त्यानंतर नवी प्रणाली पेनड्राइव्हवरून चालवून पाहावी; अशा चाचणीत संगणकावर काहीही बसवावे लागत नाही. प्रिंटर, स्कॅनर व नित्याचे प्रोग्रॅम चालतात की नाही, हे तपासून मगच निर्णय घ्यावा. अनेक संगणक असल्यास आरंभ एकापासून करावा.

जर्मनीतील म्युनिक शहराच्या पालिकेने सुमारे १५,००० संगणक लिनक्सवर नेण्याचे काम २०१३ मध्ये पूर्ण केले. परंतु २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे वळण्याचा निर्णय घेतला. प्रणाली बसविणे आणि ती रुळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा त्यातील धडा होय.

प्रारंभीच्या दिवसांत काम मंदावेल, हे गृहीत धरावे. शेजारच्या सहकाऱ्याला विचारण्यात संकोच बाळगू नये. बोटे जुने विसरतात तशीच नवेही शिकतात. त्यांना थोडा अवधी दिला, तर चांगले चालणारे यंत्र आणि त्यातील श्रमाने साठविलेले काम, दोन्ही वाचतील.