पर्यटनकाल : छत्रपती संभाजीनगर परिसर

पर्यटनकाल : एखादे स्थळ पाहण्यास हवामान, दळणवळण व त्या स्थळाचे स्वरूप या तिन्ही दृष्टींनी अनुकूल असा वर्षातील काळ. भारतासारख्या विस्तीर्ण देशात सर्व प्रदेशांना सोयीचा असा एकच काळ नसतो. कोकणात मुसळधार पाऊस पडत असताना पर्जन्यछायेतील लडाख कोरडे असते; तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो; तर हिवाळ्यात हिमालयातील अनेक खिंडी बर्फाने बंद होतात. म्हणून स्थळ व काळ यांचा निर्णय एकत्रच करावा लागतो. महाराष्ट्रात छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद, नामांतर २०२३) व त्याचा परिसर हे याचे बोलके उदाहरण होय.

प्राचीन काळी पाऊस हाच प्रवासाचा नियामक होता. बौद्ध भिक्षू वर्षाचे आठ महिने चारिका करीत आणि पावसाळ्यात एका ठिकाणी वर्षावास करीत. डोंगरात कोरलेले विहार अशा निवासाला सोयीचे होते. म्हणजे आजचा प्रवासी जो काळ टाळतो, तोच या लेण्यांतील वास्तव्याचा मुख्य काळ होता. वारकरी संप्रदायात मात्र पावसाळ्यातच प्रवास घडतो; आषाढी एकादशीसाठी पैठणहून एकनाथांची पालखी ज्येष्ठात पंढरपूरकडे निघते.

हवामान : येथील वार्षिक पर्जन्यमान सु. ७०० मिमी. असून बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या काळात पडतो. मे महिन्यात कमाल तापमान ४०° से.च्या आसपास जाते. तापलेल्या कातळामुळे दौलताबाद किल्ल्याची चढण त्या वेळी दुपारी त्रासदायक होते. ती सकाळीच करणे इष्ट. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा थंड व कोरडा काळ सर्वसाधारणपणे सोयीचा मानतात. पैठणच्या नाथसागर जलाशयावर स्थलांतरित पक्षीही हिवाळ्यातच दिसतात. पावसाळ्याचे वैशिष्ट्य वेगळे आहे. अजिंठ्याची वाघोरा नदी वाहू लागते, वेरूळच्या २९ क्रमांकाच्या लेण्याजवळ धबधबा कोसळतो आणि एरवी उघडेबोडके दिसणारे डोंगर हिरवे होतात.

वार व वेळ : ऋतूइतकेच वारालाही महत्त्व आहे. अजिंठा लेणी (शहरापासून सु. १०० किमी.) सोमवारी, तर वेरूळ लेणी (सु. ३० किमी.) मंगळवारी बंद असतात. हेच दोन दिवस हाती असलेल्या प्रवाशाने सोमवारी वेरूळ व मंगळवारी अजिंठा पाहिल्यास दोन्ही स्थळे साधतात. क्रम उलटल्यास दोन्ही हुकतात. वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख असल्याने तेथील शिल्पांवर दुपारनंतर चांगला प्रकाश पडतो. आगमनाचा मार्गही क्रम ठरवितो. भुसावळकडून रेल्वेने येणाऱ्यास जळगावला उतरून सु. ६० किमी.वरील अजिंठा आधी पाहता येतो व मग शहराकडे येता येते. मनमाडकडून येणाऱ्यास शहर व वेरूळ प्रथम लागतात.

गर्दी व संरक्षण : दिवाळी व नाताळच्या सुट्यांत लेण्यांत गर्दी वाढते. महाशिवरात्रीस व श्रावणी सोमवारी घृष्णेश्वराच्या दर्शनासाठी भाविकांची रीघ लागते आणि वेरूळच्या रस्त्यावर वाहतूक तुंबते. अजिंठ्याची चित्रे मातीच्या गिलाव्यावर रंगविलेली आहेत. बंदिस्त लेण्यात माणसांच्या श्वासोच्छ्‌वासाने आर्द्रता व कार्बन डाय-ऑक्साइड वाढतो आणि त्याचा चित्रांवर अनिष्ट परिणाम होतो. म्हणून महत्त्वाच्या चित्रित लेण्यांत एका वेळी मोजक्याच लोकांना प्रवेश देतात. खाजगी वाहने लेण्यांपासून सु. ४ किमी.वर, फर्दापूरजवळच थांबवितात व तेथून बसने जावे लागते. प्रवाशाला सर्वांत सुखाचा काळ हा अशा रीतीने चित्रांना सर्वांत जाचक ठरतो. ज्यांना सुटीचे बंधन नाही, त्यांनी पावसाळा सरताना किंवा फेब्रुवारीत, सुटीचा नसलेला वार निवडल्यास पाहणे निवांत होते आणि लेण्यांवरील भारही विभागला जातो.