रेडिएशन डीएनए नेमका कसा तोडतं?

रेडिओथेरपीच्या एका बैठकीत पेशंटला साधारण २ ग्रे डोस देतात. ग्रे म्हणजे एका किलोमागे एक ज्यूल. आता गणित करून बघा: एक किलो पाणी एक अंशाने तापवायला जवळपास ४,१८० ज्यूल लागतात. म्हणजे २ ग्रेने गाठीचं तापमान ०.०००५ अंशसुद्धा वाढत नाही. गरम चहाच्या एका घोटात याहून कितीतरी जास्त ऊर्जा असते. मग गाठीतल्या पेशी मरतात कशा?

कारण ही ऊर्जा सगळीकडे सारखी पसरत नाही, ती ढेकळांनी पडते. एक्स-रे फोटॉन एखाद्या अणूतून इलेक्ट्रॉन उडवतो, तो इलेक्ट्रॉन वाटेत आणखी इलेक्ट्रॉन उडवत जातो. वेग कमी होत गेला की त्याच्या धडका दाट व्हायला लागतात. मार्गाच्या शेवटी काही नॅनोमीटरच्या जागेत अनेक आयनीकरणं होतात. डीएनएची जाडी २ नॅनोमीटर, हे इथे लक्षात ठेवा.

काही वेळा मार थेट डीएनएवर बसतो. पण पेशीत पाणीच जास्त, त्यामुळे पाण्याचे रेणू फुटून हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतात. एक्स-रेच्या बाबतीत सुमारे दोन तृतीयांश नुकसान या मार्गाने होतं. हा रॅडिकल इतका अधाशी की पेशीत काही नॅनोसेकंदच टिकतो आणि काही नॅनोमीटरच सरकतो. म्हणजे डीएनएच्या अगदी शेजारी जन्मला तरच त्याचा उपयोग.

१ ग्रेला एका पेशीत किती नुकसान? ढोबळमानाने हजारेक एकेरी तुटी, हजाराच्या वर बिघडलेले बेस, आणि दुहेरी तुटी फक्त ३०-४०. गंमत म्हणजे रेडिएशन नसतानाही रोजच्या चयापचयात पेशीच्या डीएनएला हजारो जखमा होतात आणि पेशी त्या निमूट दुरुस्त करते. मग या आकड्यांचं एवढं काय?

इथे जॉन वॉर्ड आणि सहकाऱ्यांचा १९८५ चा प्रयोग वाचायलाच हवा. त्यांनी बर्फाइतक्या थंड तापमानाला पेशींना हायड्रोजन पेरॉक्साइड दिलं. हायड्रॉक्सिल रॅडिकल तेच, एकेरी तुटी प्रचंड संख्येने झाल्या, तरी पेशी मेल्या नाहीत! कारण त्या तुटी सुट्या, विखुरलेल्या होत्या. समोरची साखळी शाबूत असली की तिच्यावरून बघून दुरुस्ती होते. रेडिएशन मात्र दहा-वीस बेसजोड्यांच्या आत दोन-चार जखमा एकदम करतं. दोन्ही साखळ्या बिघडल्या की नक्कल करायला मूळ प्रतच उरत नाही. मला विचाराल तर या विषयातली सगळ्यात महत्त्वाची कल्पना हीच: किती जखमा झाल्या यापेक्षा त्या किती जवळजवळ झाल्या.

ऑक्सिजनचाही यात हात आहे. रॅडिकलने केलेली जखम थायॉलसारखे रेणू लगेच भरून काढू शकतात, पण त्याआधी ऑक्सिजन चिकटला तर ती पक्की होते. म्हणून ऑक्सिजन न पोचलेल्या गाठीच्या भागाला तितक्याच परिणामासाठी अडीच ते तीन पट डोस लागू शकतो.

बरं, दुहेरी तूट झाली म्हणजे पेशी लगेच मेली असं नाही. बहुतेक टोकं काही तासांत जोडली जातात. पण घाईत चुकीची टोकं जोडली गेली तर दोन सेंट्रोमिअर असलेलं गुणसूत्र तयार होऊ शकतं. तोवर पेशी खाते-पिते, छान दिसते. विभाजनाची वेळ आली की ते गुणसूत्र दोन्हीकडे ओढलं जातं आणि सगळं बिनसतं. कधी हे पहिल्या विभाजनात होतं, कधी दोन-तीन विभाजनांनंतर.

लॅबमध्ये याचा थेट परिणाम होतो. रेडिएशननंतर २४ तासांनी एमटीटी केलं तर मरायला टेकलेली पेशीसुद्धा जांभळा रंग देते, आणि आपण पेशी रेडिएशनला दाद देत नाहीत असं लिहून मोकळे होतो. गॅमा-एचटूएएक्सचे ठिपके मोजत असाल तर अर्ध्या तासाचा आकडा झालेलं नुकसान सांगतो आणि २४ तासांनी उरलेले ठिपके न जुळलेलं. दोन्ही वेळा घ्या. आणि पेशी खरंच वाचली का, हे विचारायचं असेल तर क्लोनोजेनिक चाचणीला पर्याय नाही. १०-१४ दिवस थांबायचं, आणि ५० किंवा जास्त पेशींची वसाहत झाली तरच ती मोजायची.