गोठ्याला खिडक्या किती?

इंग्लंडच्या उत्तरेला, यॉर्कशरमध्ये, स्वेलडेल नावाचं एक लांबट, अरुंद खोरं आहे. तळाशी स्वेल नदी, दोन्ही अंगांना चढत गेलेली कुरणं, आणि त्या कुरणांच्या कडेनं चुना-माती न वापरता नुसते दगडावर दगड रचून केलेले गडगे. म्यूकर आणि गनरसाइड या गावांच्या आसपास तर जवळजवळ दर दुसऱ्या-तिसऱ्या कुरणात एक दगडी इमारत एकटीच उभी असते. शेजारी घर नाही, धुराडं नाही, कित्येकदा तिथवर पायवाटही नाही. नवख्याला वाटतं, गाव उठून गेलं आणि घरं मागे राहिली. पण त्यांत माणूस कधी राहिलाच नव्हता. हे गुरांचे गोठे आहेत, आणि त्यांतले बहुतेक १७५० ते १८५० या शंभर वर्षांत बांधले गेले.

गोठा गावाबाहेर एकटा का, याचं उत्तर हिशेबी आहे. जुलैत कुरणातलं गवत कापायचं, वाळवायचं आणि त्याच कुरणातल्या गोठ्याच्या माळ्यावर भरायचं. नोव्हेंबरात चार-पाच गाई आत बांधायच्या, त्या थेट मे महिन्यात बाहेर काढायच्या. सहा महिने त्यांनी माळ्यावरची वैरण खायची, आणि त्यांचं शेण वसंतात त्याच कुरणावर पसरायचं. वैरणही वाहायला नको आणि खतही. वाहायचं ते फक्त दूध, पाठीवर बांधायच्या पत्र्याच्या कॅनमधून. बाकी शेतकऱ्यानं दिवसातून दोनदा, बर्फ असो की पाऊस, गोठ्यागोठ्यांतून फिरायचं. खोऱ्यातल्या गवताला रसायनांची चव लागली नाही, म्हणून तिथल्या कुरणांत रानफुलं टिकली. १९३० च्या दशकानंतरच्या पन्नासेक वर्षांत इंग्लंड आणि वेल्सनं आपली ९७ टक्के फुलांची कुरणं गमावली. उरलेल्यांतली काही नामांकित कुरणं या गोठ्यांच्या दाराशी आहेत.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा हिशेब मोडला. ट्रॅक्टर आला, वाळलेल्या गवताऐवजी मुरघास आला, शेताच्या घराशेजारी पत्र्याच्या मोठ्या शेड उभ्या राहिल्या. नव्या जातीच्या थोराड गाई जुन्या दावणीत मावेनात. यॉर्कशर डेल्स हे १९५४ मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं (आपल्या अभयारण्यांसारखं नव्हे, इथे जमीन खाजगी असते, गावं नांदतात, शेती चालते), आणि या उद्यानाच्या हद्दीत असे सहा हजारांच्या आसपास गोठे आहेत. स्वेलडेल आणि त्याला मिळणारं आर्केन्गार्थडेल या दोन खोऱ्यांतले गोठे आणि गडगे मिळून १९८९ मध्ये एक संरक्षित क्षेत्र ठरवलं गेलं. संरक्षण कागदावर मिळालं. छपरं गळतच राहिली.

आता या गोठ्यांत घरं करावीत का, हा तिथला गेल्या चाळीस वर्षांचा वाद आहे. इंग्लंडभर याचं उत्तर कधीच मिळून गेलंय. २००६ च्या सुमारास झालेल्या पाहणीत संरक्षित यादीतल्या शेती-इमारतींपैकी सुमारे एक तृतीयांश इमारतींचा शेतीशी संबंध संपलेला आढळला, आणि त्यांतल्या बऱ्याचशा राहती घरं झाल्या होत्या. मासिकांत त्यांची गुळगुळीत चित्रं येतात: उघड्या तुळया, काचेची भिंत, दगडी कोपऱ्यात लोखंडी शेगडी. ती चित्रं बाजूला ठेवून आधी भिंतीकडे पाहायला हवं.

ही भिंत साधारण दोन फूट जाड. खरं तर त्या दोन भिंती: बाहेरचा एक थर, आतला एक थर, आणि मधल्या पोकळीत दगडांची भर आणि माती. हे दोन थर एकमेकांना धरून ठेवतात ते आरपार घातलेले लांब दगड. स्वेलडेलमध्ये ते मुद्दाम बाहेर डोकावू देतात, त्यामुळे गोठ्याच्या अंगावर दगडी खुंट्यांच्या आडव्या रांगा दिसतात. शोभेसाठी म्हणून कुणी ते केलेलं नाही.

आरपार दगड नसला तर काय होतं, हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसं गेली, ती बहुतांशी अशाच जाड दगडी भिंतींखाली. मातीत रचलेले दोन सुटे थर, डोक्यावर माळवदाचा भार. धक्का बसताच थर एकमेकांपासून सुटले आणि माळवद खाली आलं. नंतर उरलेल्या घरांच्या मजबुतीकरणात भिंतीला आरपार भोकं पाडून त्यांत सळई आणि काँक्रीट भरलं गेलं. न घातलेला दगड असा मागाहून घालावा लागला. यॉर्कशरात भूकंपाची धास्ती नाही. तिथे तेच काम पाणी करतं, फक्त सावकाश. छपराची एक फरशी घसरते, पाणी मधल्या भरीत उतरतं, हिवाळ्यात गोठून फुगतं, आणि दहा-पंधरा वर्षांत भिंतीला पोट येतं. त्या छपराच्या फरशाही दगडीच. खालच्या ओळीत मोठ्या, आढ्याकडे लहान होत गेलेल्या, लाकडी खुंटीवर टांगलेल्या. चौरस मीटरमागे शंभर किलो वजन सहज भरतं. त्यामुळे छप्पर आधी की भिंत आधी, या प्रश्नाला तिथला जुना गवंडी एकच उत्तर देतो: छप्पर.

समजा, छप्पर झालं. आता आत राहायचंय. इथून पुढे त्या इमारतीशी मारामारी सुरू होते.

जमिनीलगतच्या दोन-तीन फुटांत गाईंचं दीडशे-दोनशे वर्षांचं मूत मुरलेलं असतं. त्यातले नायट्रेट क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात. कितीही रंग द्या, गिलावा करा, पावसाळी दिवसात भिंतीला तळाशी काळा ओला पट्टा उमटतोच. उपाय दोन: क्षार शोषून घेणारा चुन्याचा कच्चा गिलावा पुन्हा पुन्हा चढवून काढून टाकायचा, नाहीतर भिंतीपासून सुटा असा आतून दुसरा पडदा उभा करायचा. घाईचा माणूस तिसरा उपाय करतो, सिमेंट लावतो. पट्टा दोन फूट वर सरकतो.

सिमेंटची ही कथा आपल्याकडच्या वाड्यांच्या जोत्यांवरही वाचता येते. चुन्याची दरज मऊ असते, भिंतीतला ओलावा तिच्यातून बाहेर पडतो आणि झिजायचंच तर दरज झिजते. सिमेंटची दरज दगडाहून कडक. ओलावा तिच्यातून जात नाही, तो दगडातून वाट काढतो आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. जमिनीचंही तसंच. गोठ्याची फरसबंदी उखडून प्लास्टिकचा कागद आणि वर काँक्रीट घातलं की खालचं पाणी थांबत नाही, कडेला सरकून भिंतीत चढतं. म्हणून आता जाणती मंडळी खाली फेसाळ काचेचे खडे आणि वर चुन्याचं काँक्रीट घालतात. शिवाय गोठ्याचा पाया नावापुरता, कधी कधी जमिनीत जेमतेम फूटभर. माळ्याखाली डोकं आपटतं म्हणून जमीन खोदायला जाल तर पायाच्या खाली पोचाल, आणि मग सगळी भिंत तुकड्या-तुकड्यानं खालून तोलून धरावी लागेल. या एका कामानं कित्येकांची अंदाजपत्रकं बुडालेली आहेत.

यात वटवाघळंही येतात. १९८१ च्या कायद्यानं त्यांना आणि त्यांच्या वस्तीच्या जागेला संरक्षण आहे. उन्हाळ्यात संध्याकाळी माणसं बसवून मोजणी करायची, वस्ती आढळली तर परवाना काढायचा, त्यांच्यासाठी वेगळी फट राखायची. मोजणी मे ते सप्टेंबरच्या दरम्यानच व्हावी लागते. ऑक्टोबरात गोठा विकत घेणाऱ्याचा हिवाळा नुसता बसून जातो. कुरकुर करणारे पुष्कळ. मला मात्र इतक्या वर्षांच्या भाडेकरूला नोटीस देण्याची ही रीत रास्त वाटते.

खरा पेच खिडकीचा आहे. गोठ्याला खिडक्या नसतात. एक दार, माळ्यावर गवत फेकायचं एक भोक, शेण बाहेर ढकलायचं एक खालचं भोक, हवेसाठी दोन-चार फटी. बाकी सलग दगड. या सलगपणामुळेच तो गोठा दिसतो. घराला मात्र दर खोलीत उजेड हवा, बाहेरचं दृश्य हवं. दृश्यासाठीच तर माणूस इतका पैसा ओतायला तयार झालेला असतो. नियोजन-अधिकारी म्हणतो, आहेत त्या भोकांतून काय उजेड येतो तो घ्या. मालक म्हणतो, निदान दोन खिडक्या. वास्तुरचनाकार छपरात काच सुचवतो. ती भिंतीला हात लावत नाही, पण रात्री आकाशाकडे उजेड फेकते, आणि डेल्सला डिसेंबर २०२० पासून अंधाऱ्या आकाशाचं राखीव क्षेत्र म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता आहे. एका अर्जात चार चौरस फूट काचेवरून वर्ष जातं. मला विचाराल तर अधिकाऱ्याची बाजू बरोबर आहे. चार खिडक्या, धुराडं, पोर्च आणि समोर हिरवळ कापलेली असेल तर तिथे नवं घरच बांधावं. जुन्या दगडांची सबब कशाला? आणि खिडक्या मोजूनही जे सुटतं ते दाराबाहेर येतंच: दोन गाड्या, कपड्यांची दोरी, मुलांचा झोपाळा, गॅसची टाकी. कुरणाच्या मध्यावर उभ्या असलेल्या गोठ्याभोवती हे सगळं मैलभरावरून दिसतं.

विल्यम मॉरिसनं १८७७ मध्ये प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली, तेव्हा त्याचा राग पडझडीवर नव्हता, उत्साही दुरुस्तीवर होता. ऑक्सफर्डशरमधल्या ग्रेट कॉक्सवेल इथल्या मध्ययुगीन दगडी कोठाराची तो कॅथेड्रलशी बरोबरी करायचा. ते कोठार आजही नुसतं कोठार आहे, कुणी राहत नाही. पण तशी सोय सहा हजार गोठ्यांना कोण लावणार?

सरकारचं धोरण या बाबतीत दोन तोंडांचं आहे. २०१४ पासून इंग्लंडमध्ये शेतीच्या इमारतीचं घर करायला पूर्ण नियोजन-परवानगी लागत नाही, आधी कळवून मर्यादित संमती घेतली की पुरते. 'क्लास क्यू' या नावानं हा नियम ओळखला जातो. सुरुवातीला तीन घरांपर्यंत मुभा होती. मे २०२४ मध्ये ती दहा घरं आणि एकूण १,००० चौरस मीटरपर्यंत वाढवली गेली. मात्र राष्ट्रीय उद्यानं आणि संरक्षित यादीतल्या इमारती यातून वगळल्या आहेत. म्हणजे सपाट प्रदेशातल्या काँक्रीट ठोकळ्यांच्या, पत्र्याच्या शेडला घर होण्याचा जवळपास हक्क मिळतो आणि स्वेलडेलच्या दगडी गोठ्याला दारोदार अर्ज करावा लागतो. अशा एका शेडचं प्रकरणही हायकोर्टात गेलं. तीन बाजूंनी बहुतांशी उघडी, लोखंडी सांगाड्याची शेड होती. मालकानं भिंती नव्यानं घालायचं ठरवलं होतं. २०१६ च्या हिबिट खटल्यात न्यायालयानं सांगितलं की रूपांतर आणि पुनर्बांधणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मुभा फक्त पहिलीला आहे. करातही असाच तिरपागडेपणा. नवं घर बांधलं तर व्हॅट शून्य, गोठ्याचं घर केलं तर ५ टक्के, आणि पडका गोठा गोठा म्हणूनच नीट केला तर २० टक्के. नोंदणीकृत शेतकऱ्याला तो परत मागता येतो हे खरं. पण आकडे कुठल्या दिशेला ढकलतात ते लपत नाही.

उद्यानाच्या प्राधिकरणानं डिसेंबर २०१६ मध्ये मंजूर केलेल्या आराखड्यात एक मधला मार्ग काढला. रस्त्यालगत असलेल्या किंवा वस्तीला लागून असलेल्या गोठ्यांचं घर करायला वाव; दूर कुरणातल्यांना नाही. आणि घर झालंच तर त्यात स्थानिक गरजेच्या माणसानं राहावं किंवा ते सुटीसाठी भाड्यानं द्यावं. या अटीमागे एक दुखणं आहे. खोऱ्यातली तरुण कुटुंबं निघून चालली, घरं लंडन-लीड्सवाल्यांनी सुटीसाठी घेऊन ठेवली. आर्केन्गार्थडेलची साडेतीनशे वर्षांहून जुनी शाळा २०१९ मध्ये मुलांअभावी बंद झाली. एप्रिल २०२५ पासून नॉर्थ यॉर्कशरनं दुसऱ्या घरांवरचा कर दुप्पट केला. सुटीची मुभा आणि स्थानिकांची अट एकाच वाक्यात बसवणं ही या आराखड्याची सर्वांत कच्ची दरज आहे, कारण सुटीचं भाडं नेहमीच जास्त मिळतं आणि मालक हिशेब शिकलेला असतो.

रस्त्यापासून दूरच्या गोठ्यांसाठी २०१८ मध्ये पाच राष्ट्रीय उद्यानांत एक प्रायोगिक योजना निघाली. डेल्स त्यांतलं एक. दुरुस्तीचा ८० टक्क्यांपर्यंत खर्च सरकार देणार, शेतकऱ्यानं छप्पर नीट करून गोठा शेतीसाठीच ठेवायचा. आत काय ठेवणार? मेंढ्यांचं खाद्य, कोकरांची आडोशाची जागा, कुंपणाचे खांब. फार काही नाही. पण दगडी छपराच्या मजबूत गोठ्यात कुंपणाचे खांब पडून राहणं मला तोट्याचं वाटत नाही. ज्याचं छप्पर गेलं, भिंत कोसळली आणि ज्याच्याकडे वाट नाही, अशा गोठ्याला तिथली जाणती माणसं दुरुस्त करतही नाहीत. फरशा उतरवून शेजारच्या उभ्या गोठ्याच्या छपरासाठी वापरतात, कारण त्या मापाच्या जुन्या फरशा आता खाणीतून मिळणं दुरापास्त आहे. सगळे सहा हजार वाचवण्याचा हट्ट धरला तर फरशा पुरणार नाहीत आणि पैसाही नाही. रस्त्याकडेच्या काहींत शाळेत जाणारी मुलं असलेली घरं व्हावीत, कुरणातल्या शक्य तितक्यांवर छप्पर राहावं, आणि त्या छपरांच्या फरशा पडक्यांतून याव्यात, एवढाच हिशेब आज जमतो.