सीडी ड्राइव्हविना ऑपरेटिंग सिस्टिमची पुनर्स्थापना : महाविद्यालयीन संगणकांच्या संदर्भात

प्रस्तावना :

महाविद्यालयाची प्रयोगशाळा, ग्रंथालय व कार्यालय येथील अनेक संगणक निरनिराळ्या अनुदानांतून टप्प्याटप्प्याने खरेदी केलेले असतात आणि ते दहा-दहा वर्षे वापरले जातात. अशा संगणकात लवकर निकामी होणारा भाग म्हणजे सीडी अथवा डीव्हीडी ड्राइव्ह होय. धुळीमुळे त्याची भिंग मंदावते, ट्रे अडकून बसतो आणि रोजच्या कामात त्याची गरज भासत नसल्याने कोणी दुरुस्तीही करून घेत नाही. पुढे एखाद्या दिवशी विंडोज सुरू होईनाशी होते. तेव्हा ‘फॉरमॅट मारावा लागेल, पण ड्राइव्ह बंद आहे’ असा अभिप्राय मिळतो आणि डेड स्टॉक रजिस्टरमधील तो संगणक निर्लेखनाच्या यादीत जाऊन बसतो. प्रोसेसर, मेमरी, हार्ड डिस्क हे सर्व मात्र सुस्थितीत असते. अशा संगणकावर ऑपरेटिंग सिस्टिम पुन्हा कशी बसविता येते, त्यामागील तत्त्व कोणते आणि ती बसविण्यापूर्वी काय जपावयास हवे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. संगणकशास्त्र हा ज्यांचा विषय नाही असे प्राध्यापक येथे प्रामुख्याने डोळ्यांसमोर आहेत.

संगणक सुरू होताना काय घडते :

कळ दाबताच प्रथम जागी होते ती मदरबोर्डवरील चिपमध्ये कायम वसलेली एक छोटी आज्ञावली. जुन्या संगणकांत तिला बायोस, तर नव्या संगणकांत यूईएफआय असे म्हणतात. ही आज्ञावली मेमरी, कळफलक इत्यादींची तपासणी करते आणि ठरवून दिलेल्या क्रमाने एकेका साधनाकडे वळून तेथे ऑपरेटिंग सिस्टिमचा आरंभीचा भाग आहे काय, याचा शोध घेते. हा क्रम म्हणजे बूट ऑर्डर. साधन हार्ड डिस्क आहे, सीडी आहे की पेन ड्राइव्ह, याविषयी तिला आग्रह नसतो. ते साधन तिला वाचता यावे आणि त्यावरील मजकुराची मांडणी तिच्या परिचयाची असावी, एवढ्याच तिच्या दोन अटी असतात.

सीडीला हे स्थान पहिल्यापासून होते असेही नाही. सीडीवरून संगणक सुरू करण्याचे सर्वमान्य तंत्र फिनिक्स टेक्नॉलॉजीज व आयबीएम यांनी 1995 मध्ये ‘एल टोरिटो’ या नावाने प्रसिद्ध केले. (हे नाव एका उपाहारगृहावरून घेतले, असे सांगतात.) त्यापूर्वी ते काम फ्लॉपी करीत असे. म्हणजे सीडी ही फ्लॉपीची वारस, आणि आज तिचा वारसा पेन ड्राइव्हकडे आला आहे.

सीडीवाचून चालत नाही ही समजूत मुख्यत्वे विंडोज एक्सपीच्या काळात दृढ झाली आणि तेव्हा ती बरीचशी खरीही होती. 2001 मध्ये आलेल्या एक्सपीची स्थापना दोन टप्प्यांत होई. पहिल्या टप्प्यानंतर संगणक पुन्हा सुरू होऊन उरलेल्या फायली सीडीवर शोधू लागे, त्यामुळे पेन ड्राइव्हवरून हे काम करणे किचकट ठरे. 2007 मध्ये सर्वसामान्य ग्राहकांसाठी आलेल्या विंडोज व्हिस्टापासून ही पद्धत बदलली. संपूर्ण प्रणाली एका मोठ्या फायलीत बांधून ठेवलेली असते, ती हार्ड डिस्कवर एकदाच उलगडली जाते, आणि त्यानंतर मूळ माध्यमाची गरज राहत नाही. ॲपलने तर 2008 च्या मॅकबुक एअरमध्ये डिस्क ड्राइव्ह दिलाच नाही. शेजारच्या संगणकातील ड्राइव्ह नेटवर्कवरून वापरण्याची सोय त्याने केली होती. तंत्र बदलले, समजूत मात्र राहिली.

पेन ड्राइव्ह :

प्रत्यक्षात सर्वात सोयीचा मार्ग पेन ड्राइव्हचाच आहे. आठ जीबी क्षमतेचा पेन ड्राइव्ह आणि दुसरा एखादा चालू संगणक एवढी सामग्री पुरते. विंडोज 10 व 11 करिता मायक्रोसॉफ्टचे मीडिया क्रिएशन टूल आहे. हाती आयएसओ फाइल असल्यास ‘रूफस’ ही मोफत आज्ञावली उपयोगी पडते. या दोहोंमुळे पेन ड्राइव्हवरील मूळ मजकूर नष्ट होतो, म्हणून परीक्षेचे गुण ज्यात ठेवले आहेत असा पेन ड्राइव्ह यासाठी घेऊ नये.

आयएसओ फाइल पेन ड्राइव्हवर नुसती उतरवून ठेवल्यास संगणक त्यावरून सुरू होत नाही. ती फाइल म्हणजे संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रतिमा असते. बायोसला पेन ड्राइव्हच्या अगदी आरंभीच्या भागात सुरुवातीची आज्ञा हवी असते, तर यूईएफआय एका ठराविक फोल्डरातील ठराविक नावाची फाइल शोधते. त्या प्रतिमेतील मजकूर यथायोग्य जागी मांडून देणे हे रूफससारख्या आज्ञावलीचे कार्य होय. येथे आणखी एक मर्यादा आड येते. यूईएफआय खात्रीने वाचते ती फॅट-32 ही मांडणी, आणि तीत चार जीबी वा त्याहून मोठी फाइल मावत नाही. विंडोजची मुख्य फाइल आता बहुधा त्याहून मोठी असते. मीडिया क्रिएशन टूल ती अधिक दाबून लहान करते, तर रूफस वेगळ्या युक्तीने मार्ग काढते. केवळ कॉपी-पेस्ट करणाऱ्याचे काम अडते ते याच ठिकाणी.

पेन ड्राइव्ह जोडून संगणक सुरू करताना बूट मेनूची कळ दाबावी लागते. डेल व लेनोव्होच्या बहुतेक संगणकांत ती एफ-12, तर एचपीच्या बहुतेक संगणकांत एफ-9 असते. बूट ऑर्डर कायमची बदलण्यापेक्षा हा एकवेळचा मार्ग बरा, कारण कायमचा बदल केल्यास पुढे कोणाचाही पेन ड्राइव्ह यंत्रात राहून गेला तरी संगणक त्याच्याकडे वळतो.

एका फसव्या संदेशाचा येथे विशेष उल्लेख करावयास हवा. विंडोज 7 पेन ड्राइव्हवरून बसविताना ‘सीडी/डीव्हीडी ड्राइव्हचा आवश्यक ड्रायव्हर सापडत नाही’ अशा अर्थाची सूचना पडद्यावर येते. ती वाचून बिघडलेला ड्राइव्हच आडवा आला असे कोणालाही वाटेल. वस्तुतः तिचा त्या ड्राइव्हशी बहुधा काही संबंध नसतो. विंडोज 7 मध्ये यूएसबी 3.0 चे ड्रायव्हर मुळात नव्हते. त्यामुळे पेन ड्राइव्ह निळ्या रंगाच्या यूएसबी 3.0 पोर्टमध्ये असेल, तर संगणक त्यावरून सुरू होतो, पण स्थापनेची आज्ञावली चालू झाल्यावर तिला आपलाच पेन ड्राइव्ह दिसेनासा होतो. तो काढून यूएसबी 2.0 पोर्टमध्ये लावताच अनेकदा काम पुढे सरकते. विंडोज 7 ला मिळणारे सर्वसाधारण साहाय्य 14 जानेवारी 2020 रोजी संपले. तरीही जुन्या प्रयोगसाहित्याशी जोडलेले काही संगणक तिच्यावरच चालतात, म्हणून हा तपशील दिला.

दुसरी अडचण हार्ड डिस्कच्या विभागणीची. जुनी पद्धत एमबीआर, नवी जीपीटी. पेन ड्राइव्ह यूईएफआय पद्धतीने सुरू झाला आणि डिस्क एमबीआर असली, तर विंडोज स्थापनेस नकार देते. अशा वेळी डिस्क पुसून टाकण्याची घाई न करता तोच पेन ड्राइव्ह बायोस पद्धतीने सुरू होतो काय, हे आधी पाहावे.

फार जुना संगणक पेन ड्राइव्हवरून सुरूच होत नसल्यास बाहेरून जोडावयाचा यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह कधी कधी चालून जातो.

संपूर्ण प्रयोगशाळेसाठी :

तीस संगणकांसाठी तीस वेळा हेच करणे म्हणजे सुट्टी संपविणे होय. त्यासाठी नेटवर्कवरून सुरू होण्याची पीएक्सई ही सोय बहुतेक मदरबोर्डांत असते. एका संगणकावर सर्व काही बसवून त्याची प्रतिमा घ्यावयाची आणि ती इतरांवर उतरवायची, हे काम तैवानमध्ये विकसित झालेली ‘क्लोनझिला’ ही मुक्त प्रणाली चोख करते. मात्र पीएक्सईसाठी एक संगणक इतरांना नेटवर्कवरील पत्ते वाटू लागतो. महाविद्यालयाच्या चालू नेटवर्कवर असे दोन वाटप करणारे झाले, तर कार्यालयातील संगणकही गोंधळतात. याकरिता प्रयोगशाळेचा स्विच तेवढ्यापुरता मुख्य नेटवर्कपासून सोडवून घ्यावा.

कोणती प्रणाली बसवावी :

विंडोज 10 चे सर्वसाधारण साहाय्य 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपले. विंडोज 11 करिता टीपीएम 2.0 ही सुरक्षाचिप व तुलनेने नवा प्रोसेसर लागतो, आणि डिस्क ड्राइव्ह असलेल्या बहुतेक जुन्या संगणकांना या अटी पूर्ण करता येत नाहीत. प्रस्तुत लेखकाच्या मते अशा संगणकांवर लिनक्स बसविणे हाच रास्त पर्याय होय. ग्रंथालयातील सूचीशोध, इंटरनेट व लेखन यांसाठी ते पुरेसे ठरते. सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ ही प्रणालीही लिनक्सवरच आधारलेली आहे. बाजारात चाळीस-पन्नास रुपयांस मिळणाऱ्या ‘ॲक्टिव्हेटेड’ विंडोजच्या डिस्कपासून मात्र दूरच राहावे. ज्या संगणकावर विंडोज 10 रीतसर सक्रिय झालेली होती, त्यावर तीच आवृत्ती पुन्हा बसविल्यास परवाना यंत्राशी निगडित असल्याने सहसा नवी की द्यावी लागत नाही.

पुनर्स्थापनेपूर्वी :

लेखाचा सर्वाधिक महत्त्वाचा भाग हाच. संगणक सुरू होत नाही म्हणून त्यातील माहिती गेली, असे नसते. उबुंटूसारखी लिनक्स हार्ड डिस्कला हात न लावता पेन ड्राइव्हवरूनच चालविता येते. तिच्या साहाय्याने जुन्या हार्ड डिस्कवरील फायली दुसऱ्या डिस्कवर सुखरूप उतरविता येतात. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असल्यास मात्र तिची रिकव्हरी की हाताशी हवी. स्थापनेच्या वेळी डिस्कांच्या यादीत पेन ड्राइव्ह व जोडलेली दुसरी डिस्कही दिसते, म्हणून माहिती उतरविलेली डिस्क आधीच काढून घ्यावी आणि नंतर आकार पाहूनच हार्ड डिस्कची निवड करावी.

मराठीच्या प्राध्यापकांसाठी यात आणखी एक बाब आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी आपले एम.फिल., पीएच.डी.चे प्रबंध, प्रश्नपत्रिका, गौरवग्रंथ श्रीलिपी, डीव्हीबी-टीटीसुरेख यांसारख्या फॉन्टमध्ये टंकलिखित झाले. त्या फायलींत प्रत्यक्षात साठविलेली असतात ती रोमन अक्षरांच्या जागेवरील चिन्हे, त्यांना देवनागरी रूप देतो तो फॉन्ट. फाइल जपली आणि फॉन्ट जपला नाही, तर नव्या संगणकावर दोनशे पानांचा प्रबंध निरर्थक रोमन चिन्हांचा ढीग होऊन उघडतो. फॉन्ट माय डॉक्युमेंट्समध्ये नसतात, ते विंडोज फोल्डरातील फॉन्ट्स या उपफोल्डरात असतात, आणि सहसा त्याची प्रत कोणी घेत नाही. म्हणून डिस्क पुसण्यापूर्वी तो उपफोल्डर संपूर्ण उतरवून घ्यावा, टंकलेखनाच्या आज्ञावलीचे नाव व आवृत्ती कागदावर नोंदवावी आणि दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट बसवून एखादी जुनी फाइल उघडून पाहावी. ती वाचता आली, की मगच पेन ड्राइव्ह लावावा.