जुनी पीएसटी फाइल उघडत नाहीये?

आउटलुकच्या जुन्या मेलची पीएसटी फाइल रुसली, की लोक लगेच महागडं रिकव्हरी सॉफ्टवेअर शोधायला लागतात. थांबा, आधी फाइल ठेवलीय कुठे ते बघा. डीव्हीडीवर असेल किंवा 'रीड-ओन्ली' असेल, तर आउटलुक ती उघडतच नाही. नुसते मेल वाचायचे असले तरी त्याला फाइलमध्ये लिहावं लागतं. कॉम्प्युटरच्या डिस्कवर कॉपी करा, प्रॉपर्टीजमधली रीड-ओन्लीची टिक काढा. नेटवर्क ड्राइव्हवरच्या फाइललाही हाच उपाय.

फाइलचं वयही बघा. आउटलुक 2002 पर्यंतच्या फाइलला 2 जीबीची मर्यादा होती. ती गाठली की फाइल अडते.

तरीही उघडेना? मग आउटलुक बंद करून ऑफिसच्याच फोल्डरमधलं स्कॅनपीएसटी हे दुरुस्तीचं टूल चालवा. फुकट आहे आणि माझ्या मते दुरुस्तीचा पहिला उपाय हाच. बॅकअपची टिक काढू नका. चुका उरल्या तर पुन्हा चालवा. सुटे पडलेले मेल 'लॉस्ट अँड फाउंड' फोल्डरमध्ये सापडतात.

ओएसटी मात्र वेगळी. ती सर्व्हरवरच्या मेलबॉक्सची प्रत, दुसऱ्या प्रोफाइलमध्ये सरळ उघडत नाही.

आणि कृपा करून दुरुस्ती नेहमी कॉपीवरच करा, मूळ फाइलवर नको.